रातचा वग आणि सकाळची हजेरी

मराठी वर्तमानपत्रांना एक उपमा फार प्रिय आहे. विधानसभेत गदारोळ झाला, तमाशा. पक्ष फुटला, तमाशा. दोन नेत्यांनी एकमेकांची उणीदुणी काढली, पुन्हा तमाशा. 'राजकारणाचा तमाशा' हा मथळा इतका गुळगुळीत झाला आहे की तो वाचताना कुणाला काही वाटेनासे झाले आहे. आम्हांला मात्र वाटते. आम्ही जुन्नर तालुक्यात वाढलो. नारायणगावच्या बाजारात अब्बांच्या बांगड्यांच्या दुकानामागे बसून पाढे पाठ केले. ज्या गावात तमाशा ही शिवी नाही, धंदा आहे, शेकडो घरांची चूल आहे, त्या गावाचे पाणी प्यालो. म्हणून ही उपमा एकदा नीट तपासून पाहावी, असे बरेच दिवस मनात होते.

नेत्याची तुलना गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांशी करण्याची हौस केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंड-अमेरिकेत नेत्यांना रॉक बँडच्या पंगतीत बसवतात. अमुक नेता म्हणजे जुनीच गाणी पुन्हा पुन्हा वाजवणारा बँड, तमुक म्हणजे एका गाण्यावर गाजून विरलेला, अशा तुलना तिथे रंगतात. नेत्यांनाही त्यात कमीपणा वाटत नाही. बिल क्लिंटन 1992 च्या प्रचारात दूरचित्रवाणीवर काळा चष्मा लावून सॅक्सोफोन वाजवत उभे राहिले आणि निवडून आले. टोनी ब्लेअर ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना 'अग्ली रूमर्स' नावाच्या बँडमध्ये गात असत, आणि पुढे ते पंतप्रधान झाल्यावर ही गोष्ट कौतुकाने सांगितली गेली. तिकडे गवयाशी तुलना झाली की नेता खुलतो. इकडे फडाशी तुलना झाली की नेत्याचा अपमान होतो. असे का?

याचे उत्तर कलेत सापडत नाही, जातीत सापडते. तमाशाच्या बोर्डावर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिलेली माणसे महार, मांग, कोल्हाटी समाजांतली होती. 'तमाशा' हा शब्द तुच्छतेने वापरणाऱ्याच्या जिभेवर ती माणसे असतात, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो. राजकारणाला तमाशा म्हणणारा संपादक राजकारणावर टीका करतो आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो फडावर टीका करत असतो आणि नेत्याला फुकटात सोडून देत असतो.

खुद्द शब्दाकडे पाहिले तर गंमत अशी की तो आमच्या वर्गातून तुमच्याकडे आलेला आहे. अरबीत 'मशी' म्हणजे चालणे. त्यापासून झालेला शब्द फारसीत फेरफटका मारत पाहणे, आणि मग जे पाहायचे ते दृश्य, अशा अर्थाने रुळला आणि 'तमाशा' होऊन उर्दूत उतरला. उर्दूत तमाशात कमीपणा असलाच तर तो करणाऱ्याकडे नव्हे, बघणाऱ्याकडे जातो. 'तमाशबीन' म्हणजे नुसता उभा राहून पाहणारा, हात न लावणारा. हा शब्द आम्ही आठवीच्या मुलांना शिकवतो, तेव्हा उदाहरण म्हणून रस्त्यावरचा अपघात सांगतो. निवडणुकीचे उदाहरण अजून सांगितलेले नाही. शाहीर, डफ, सवाल, जवाब, कलगी, तुरा, हजेरी हे फडावरचे सारे शब्दही त्याच वाटेने आलेले. मराठी मुसलमानाने तमाशाकडे परक्याच्या नजरेने पाहावे असे त्यात काहीच नाही. पेशवाईच्या उत्तरकाळात होनाजीच्या तोडीस तोड उभे राहिलेले जेजुरीचे सगनभाऊ शिकलगार होते, मुसलमान होते, आणि त्यांची लावणी मराठी होती.

आता धंद्याकडे येऊ, कारण उपमेचा खरेखोटेपणा तिथेच कळतो. गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा फलक. चैत्र-वैशाखात ज्या गावांच्या यात्रा आहेत त्या गावांचे पंच जीप-टेम्पोतून येतात, राहुटीत बसतात, चहा घेतात, तारीख सांगतात, दर पाडतात. 'सुपारी' ठरते. पंच विचारतात ते प्रश्न आम्ही लहानपणी कान देऊन ऐकले आहेत. माणसे किती? वग कोणता? गेल्या वर्षी पाटलाच्या वाडीत तुमचा खेळ अर्ध्यातच संपला, खरे का? सोंगाड्या तोच आहे का बदलला? मालक उत्तरे देतो. उत्तर पटले नाही तर पंच उठून शेजारच्या राहुटीत जातात. ज्याने पैसे द्यायचे त्यानेच प्रश्न विचारायचे, आणि तेही खेळाच्या आधी.

आमच्या दोन तालुक्यांत प्रचाराच्या काळातही राहुट्या लागतात, फक्त त्यांना संपर्क कार्यालय म्हणतात. तिथे वाटाघाट उलट्या दिशेने चालते. मतदाराला बोलावून 'तुमच्या मोहल्ल्यात माणसे किती?' असे तिथे विचारतात. कोणता वग होणार, हे विचारायची सोय नाही.

कलावंताची 'उचल' ही गोष्टही पाहण्यासारखी आहे. पावसाळ्यात खेळ बंद असतात, तेव्हा कलावंत मालकाकडून आगाऊ रक्कम उचलतो. ती फेडेपर्यंत त्याला त्या फडात राहावे लागते. ही पद्धत क्रूर आहे, तिने कित्येक आयुष्ये जखडून ठेवली आहेत, आणि तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पण एवढे तरी तिथे मान्य आहे की फड बदलायचा तर आधीची उचल परत करायची. आमच्या भागातली अलीकडची वाटचाल पाहा. जुन्नरने 2014 मध्ये मनसेचा राज्यातला एकमेव आमदार निवडून दिला. शरद सोनवणे पुढे 2019 मध्ये शिवसेनेत गेले, हरले, आणि 2024 मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले. 2019 च्या लोकसभेपूर्वी डॉ. अमोल कोल्हे शिवसेना सोडून राष्ट्रवादीत आले आणि त्यांनी शिवसेनेच्या शिवाजीराव आढळरावांना हरवले. 2024 मध्ये आढळराव शिवसेना सोडून अजित पवारांच्या राष्ट्रवादीत आले आणि पुन्हा कोल्ह्यांकडूनच हरले. या तिघांपैकी कुणाला कमी-जास्त ठरवणे हा आमचा विषय नाही. फड बदलणे हा गुन्हाही नाही. प्रश्न उचलीचा आहे. आमचे मत ही आमची उचल होती. ती परत मागायची कुणाकडे, हे कुठल्या कायद्यात लिहिलेले नाही.

कोल्हे नारायणगावचेच. छोट्या पडद्यावर त्यांनी शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज उभे केले, तेव्हा आमच्या शाळेतली मुलेही घरी बसून ते पाहत होती. प्रचारात मात्र नट असणे हा जणू त्यांचा दोष असल्यासारखे बोलले गेले. तमाशाच्या पंढरीत नट असणे हा टोमणा व्हावा, हे आम्हांला नवल वाटले. एक बारीक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो: राजाची भूमिका करणारा निवडून येतो, सोंगाड्याची भूमिका करणारा कधी उभाच राहत नाही.

फलकाचा विषय याहून मोठा आहे. फड फुटतात. नेहमीच फुटत आले आहेत. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा नावाजलेला फड. त्यातल्या भाऊंची लेक विठाबाई. तिने स्वतःचा फड काढला तेव्हा फलकावर बापाचे नाव आपल्या नावाच्या मागे ठेवले. विठाबाईंच्या लेकी मंगला बनसोडे आणि मालती इनामदार यांचे फड पुढे वेगवेगळे झाले. फलकांवर आपापली नावे मोठी आली. कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर या मायलेकांनी एकाच फलकावर दोन नावे चालवली. यात भांडणे झाली नसतील असे नाही. पण विठाबाई कुणाची, हे ठरवायला कुणी दिल्लीला गेले नाही. ज्याचा वग रंगला त्याला पुढच्या साली सुपारी मिळाली, एवढाच निवाडा.

राजकारणातला फलक निवडणूक आयोगाकडे असतो. 17 फेब्रुवारी 2023 रोजी शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे गेले. 6 फेब्रुवारी 2024 रोजी राष्ट्रवादी आणि घड्याळ अजित पवारांकडे गेले. शरद पवारांच्या पक्षाला त्याच महिन्यात नवे चिन्ह मिळाले, 'तुतारी वाजवणारा माणूस'. तुलनेचा विषय शोधत आम्ही वणवण फिरत होतो, तो आयोगाने स्वतःहून आमच्या हातात आणून दिला. एका पक्षाचे नशीब एका वाजंत्र्याच्या चित्रावर आले.

पुढे जे घडले ते आंबेगावात घडले. 2024 च्या विधानसभेला मंचर-घोडेगावच्या या मतदारसंघात दिलीप वळसे पाटील घड्याळावर आणि त्यांचेच एके काळचे सहकारी देवदत्त निकम तुतारी वाजवणाऱ्या माणसावर उभे होते. मतपत्रिकेवर निकमांचा एक नामसाधर्म्य असलेला अपक्षही होता आणि त्याचे चिन्ह होते नुसती तुतारी, जिला इंग्रजीत ट्रम्पेट म्हणतात. वळसे पाटील 1523 मतांनी निवडून आले. नुसत्या तुतारीला 2965 मते पडली. ती सगळीच चुकून पडली असे कुणी म्हणू नये. अपक्षाला उभे राहण्याचा हक्क आहे आणि त्याला मत देण्याचा हक्क मतदाराला आहे. पण आकडे शेजारी शेजारी ठेवले की माणूस थोडा वेळ गप्प होतो.

आमची फुफी मंचरला राहते. मतदानाच्या आठवडाभर आधी तिच्याकडे गेलो होतो. कुणीतरी तिला दोन्ही चित्रे कागदावर दाखवली होती. तिने चष्मा पुसला, कागद डोळ्यांशी नेला आणि म्हणाली, "बाजा तो दोनोंमें हैच रे, बजानेवाला किदर हय?" फुफी निरक्षर आहे. अशी समीक्षा आम्हांला बी.एड. करूनही जमली नसती.

नाव उरते आणि वस्तू जाते, हे आंबेगावाला नवीन नाही. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे काम घोडेगावातून चालते. फलकावर अजून आंबेगावच आहे.

आता साहित्यात या उपमेचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. पु. ल. देशपांड्यांनी 'पुढारी पाहिजे' लिहिले, वसंत सबनिसांनी 'विच्छा माझी पुरी करा' लिहिले. दोन्ही लोकनाट्ये तमाशाच्या घाटाची, दोन्हींचे लक्ष्य सत्ता. 'विच्छा'ने दादा कोंडके यांच्यातल्या सोंगाड्याला मोकळे रान दिले, आणि चालू राजकारणावर आयत्या वेळी सुचलेले शेरे हे त्या प्रयोगांचे मुख्य आकर्षण झाले. या लिखाणाचे मोल आम्ही मानतो. पण एक तक्रार आहे. या लेखकांनी तमाशाचा घाट घेतला, बतावणी घेतली, गवळण घेतली, पण फड घेतला नाही. पाटलाच्या गावात, पाटलाच्या पैशाने, पाटलाच्या तोंडावर पाटलाची टिंगल करायची आणि सकाळी त्याच गावातून बिदागी घेऊन बाहेर पडायचे, या धोक्याची चव शहरातल्या नाट्यगृहात येत नाही. तिथला प्रेक्षक दुसऱ्या कुणाला तरी हसायला तिकीट काढून आलेला असतो. दादा कोंडके पुढे शिवसेनेच्या सभांतून बोलू लागले आणि त्यांच्या सोंगाड्याची अर्धी जीभ गेली, असे आमचे मत आहे. एकाच बाजूला हसणारा सोंगाड्या हा सोंगाड्या राहत नाही, प्रचारक होतो.

मग अमर शेखांचे काय, असे कुणी विचारील, आणि विचारावेच. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, हे तर उघड उघड एका पक्षाचे, लाल बावट्याचे. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी कलापथक उभे केले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज मैदाने भरून टाकी. तेही प्रचारकच ठरत नाहीत काय? या प्रश्नावर आम्ही बराच विचार केला आणि पूर्ण समाधान होईल असे उत्तर मिळालेले नाही. एवढे मात्र दिसते की अमर शेख सत्तेच्या बाजूने गायले नाहीत, आणि लढा जिंकल्यावर मंत्रालयात खुर्ची मागायला गेले नाहीत. 1969 मध्ये ते गेले तेव्हा शाहीर म्हणूनच गेले. मराठी मुसलमानाच्या घरातून उठलेला आवाज सबंध महाराष्ट्राचा आवाज झाला, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकते. उर्दू शाळेत तर तीही ओळ पोचत नाही. हा दोष आम्हा शिक्षकांचा.

सवाल-जवाबाबद्दल दोन शब्द. शाहिरांची दोन घराणी, कलगीवाले आणि तुरेवाले. एक शक्तीला थोर मानणारे, दुसरे शिवाला. परंपरा सांगते की तुऱ्याचा मूळपुरुष तुकनगीर हा गोसावी आणि कलगीचा शहाअली हा फकीर. दोघे समोरासमोर बसत. एकाने कोडे घालायचे, दुसऱ्याने काव्यातच सोडवायचे. जवाब सुचला नाही तर हार गावासमोर, तिथल्या तिथे. आमच्या मतदारसंघात गेल्या वीस वर्षांत दोन प्रमुख उमेदवार एका व्यासपीठावर बसून एकमेकांच्या सवालांना जवाब देताना आम्ही तरी पाहिलेले नाहीत. ते सवाल करतात, पण प्रतिस्पर्धी पन्नास मैलांवर असताना.

आणि सगळ्यात महत्त्वाची ती हजेरी. शहरातल्या वाचकाला हा प्रकार माहीत नसतो, म्हणून सांगतो. यात्रेच्या रात्री वग होतो, पहाटेपर्यंत चालतो. दुसऱ्या दिवशी त्याच गावात फडाची हजेरी असते. रात्रीचे झगमगते दिवे नाहीत, पडदे नाहीत. दिवसाउजेडी कलावंतांनी गावासमोर उभे राहायचे आणि गायचे. रात्री जो राजा होता त्याचा चेहरा उन्हात दिसतो. रात्री काही कमी पडले असेल तर म्हातारे कोतारे तिथे बोलून दाखवतात. आवडले असेल तर फेटा, शेला, पाच-पन्नास रुपये पुढे येतात. कित्येक गावांत पिराच्या उरुसालाही तमाशा असतो, सगळे गाव वर्गणी देते, आणि हजेरीला मोहल्ल्यातली माणसेही बसतात. अब्बा यात्रांना बांगड्या घेऊन जात. रात्रीपेक्षा हजेरीला विक्री चांगली होते, असा त्यांचा अनुभव होता, कारण उजेडात रंग खरा कळतो.

राजकारणात हजेरी नाही. रात्रीची सभा आहे, दिवे आहेत, पडदा आहे, ढोल-ताशे आहेत. सकाळ मात्र पाच वर्षांनी उगवते. ज्या दिवशी कुणी फडाची आणि पक्षाची तुलना करील, त्या दिवशी त्याने हे एवढे आधी सांगावे.

विठाबाईंच्या बाबतीत तर हे उलटे हिशेब फार बोचतात. पोटात मूल असताना त्या बोर्डावर नाचल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकीकत आमच्या भागात पोरासोरांनाही ठाऊक आहे. राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा गौरव झाला. 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा हलाखी होती. 2006 पासून सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्काराच्या व्यासपीठावर भाषणे कोण करते, हे सांगायला नको.

हे सगळे लिहिताना आम्ही स्वतःला बाजूला ठेवलेले नाही. आमच्या मोहल्ल्यात तमाशाला जाणे वाईट समजतात. थोरांचा तो विचार आहे, त्याचा मान राखून बोलतो. पण तेच थोर सभेला पहिल्या रांगेत शाल घेऊन बसतात. रमजानमध्ये नेते टोपी घालून इफ्तारला येतात, खजूर हातात धरून फोटो होतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका इफ्तारला एका नेत्याने (नाव घेत नाही, घेतले तर बाकीच्यांवर अन्याय होईल) शाळेला दोन खोल्या बांधून देण्याचे जाहीर केले. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. एवढेच नाही, मुलांकडून स्वागतगीत आम्हीच बसवून घेतले होते, चार दिवस परिपाठाच्या वेळेत. खोल्या अजून झालेल्या नाहीत. पाचवी आणि सहावी एका छपराखाली, मध्ये कपाटांची भिंत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हजेरीपट उघडला, तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी सहज म्हणाली, "कल के साहब की हाज़िरी नहीं लेते?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि पुढचे नाव पुकारले.

त्या वेळी आम्ही तमाशबीन होतो, हे आता कळते. यंदा मोहल्ल्याच्या बैठकीत आम्ही सुचवले की जो कुणी रात्री सभेला येईल त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलवावे, मंडप नको, माईक नको, शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडाव्यात आणि ज्याला विचारायचे त्याने विचारावे. जुन्या मंडळींनी विरोध केला नाही. एकाने एवढेच म्हटले की यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गावाला सुट्टी असते, म्हणून हजेरी भरते; आमची माणसे सकाळी सातला टोमॅटोच्या बाजारात नाहीतर एस.टी.च्या थांब्यावर असतात. हे खरे आहे. मग जुम्म्याच्या नमाजनंतर घ्यावे का, यावर दोन मते पडली. मशिदीच्या दारात राजकारण नको, असे काहींचे म्हणणे. आणि तेही चुकीचे नाही. रविवारी सकाळी दहा ही वेळ सध्या निघाली आहे. पहिला सवाल कुणी करायचा, हे अजून ठरलेले नाही. फुफीला मंचरहून आणावे, असे आमच्या धाकट्या भावाचे म्हणणे आहे.